बिल्ला उतरल्यावर

अमरावतीच्या रुख्मिणीनगरात, अकोल्याच्या जठारपेठेत, नाहीतर अकोट-दर्यापूरकडच्या एखाद्या गावात हा माणूस राहतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून त्यानं उमेदीची वीस-पंचवीस वर्षं सभा, रस्ता रोको आणि तुरुंग यांत घालवली. त्याच्या एका निरोपावर आसपासच्या गावांतून बैलबंड्या निघत. आज तो सकाळी उशिरापर्यंत खाटेवरून उठत नाही. पेपर येतो, त्याची घडी तशीच राहते. फोन वाजून वाजून थांबतो. दाढी वाढलेली, ताटातलं जेवण अर्धं टाकलेलं. कुणी आलंच तर म्हणतो, "काई नाई बावा, मन लागत नाई."

घरच्यांच्या मते त्याचं वय झालं. जुन्या सहकाऱ्यांच्या मते तो तिरसट झाला, माणसांत येत नाही. दवाखान्यात नेलं तर साखर आणि रक्तदाब तपासून गोळ्या बदलून मिळतात. अशा माणसांकडे सवडीनं पाहणारा एक माहितीपट काढायचं वऱ्हाडातल्या काही तरुण मंडळींनी मनावर घेतलं आहे. त्यांनी प्रस्तावना मागितली ती पार्श्वभूमी समजावी म्हणून. ती मी सांगणारच आहे, पण तिच्यासोबत एक आग्रहही मांडणार आहे.

हा माणूस आजारी आहे, आणि हा माणूस हरलाही आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही वेगळं आहे. आजाराला पराभवाचं नाव दिलं की तो उदात्त दिसू लागतो आणि माणूस उपचारावाचून राहतो. पराभवाला आजाराचं नाव दिलं की एक गोळी देऊन आपण मोकळे होतो, आणि त्यानं जन्मभर विचारलेले प्रश्न त्या गोळीखाली दबून जातात. कॅमेऱ्यानं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नजरेत धरल्या तरच या पटाला अर्थ आहे.

आता तो कुठून आला ते पाहू. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतले, पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि १९७९ साली चाकणच्या कांद्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. कांदा, ऊस, निपाणीची तंबाखू असा प्रवास करत ती वऱ्हाडात कापसावर आली तेव्हा इथली जमीन तयारच होती. १९७२पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कास्तकारानं कापूस सरकारलाच विकायचा, बंडी घेऊन खरेदी केंद्राबाहेर रात्र-रात्र थांबायचं, ग्रेडर सांगेल तो दर्जा मानायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. शरद जोशींनी या माणसाला सांगितलं की तुझं दारिद्र्य तुझ्या आळसातून आलेलं नाही, ते धोरणातून आलेलं आहे. घामाचे दाम मागण्यात लाज नाही. ज्यांनी ती भाषणं ऐकली त्यांना विचारा, ते आजही सांगतील की त्या दिवशी पाठीचा कणा सरळ झाला. १९८५च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला झुकतं माप दिलं, तेव्हा कृत्रिम कापडाच्या, म्हणजे 'राजीवस्त्रां'च्या, होळ्या पेटल्या. त्या पेटवणारी पोरं तेव्हा तिशी-पस्तिशीची होती. तीच आता ऐंशीकडे झुकली आहेत.

ही सगळी मंडळी पूर्णवेळ कार्यकर्ते नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं. पाच-दहा एकर वावर होतं, पऱ्हाटी होती, घरी बाप किंवा भाऊ होता आणि बायको होती. तुरुंगात गेले की मागं निंदण-डवरणी तिच्या अंगावर पडायची. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, लाखावर बाया जमल्या. पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर जण तो करतील त्या गावी शरद जोशी स्वतः येणार. खेड्यातल्या पुरुषांनी आपणहून सातबारावर बायकोचं नाव चढवावं, अशी दुसरी चळवळ मला माहीत नाही. त्यात भाग घेतलेल्या वऱ्हाडातल्या कास्तकारांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही घरातला चहा बायकोच करत होती. नवरा कुठं आहे, जेवला की नाही, गोळ्या घेतल्या का, कुणाशी भांडून आला, हे तिला माहीत असायचं. सभेहून रात्री दोनला परत आल्यावर त्याचं ऐकून घेणारं माणूस तीच. ती आधी गेली की या घरात आवाज राहत नाही. आयुष्यभर हजारोंशी बोललेल्या माणसाला स्वतःच्या मनातलं सांगायला एकच जागा होती, हे त्याला ती गेल्यावर कळतं. खुद्द शरद जोशींचा उत्तरकाळ असाच एकाकी होता. पत्नी लीलाताई चळवळीच्या ऐन भरात गेल्या, मुली परदेशी स्थायिक झाल्या. १२ डिसेंबर २०१५ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. लाखोंच्या सभेपुढं उभं राहिलेल्या नेत्याची संध्याकाळ कशी जाते, याकडे त्यांच्याच अनुयायांनी पाहिलं असतं तर स्वतःच्या संध्याकाळची तयारी त्यांना करता आली असती.

बायकोच्या जाण्यानं घर सुनं होतं. गावही सुनं झालं, त्याचं कारण राजकीय आहे आणि ते पटात स्पष्ट यायला हवं. नव्वदच्या दशकात शरद जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली आणि संघटनेत उभी फूट पडली. विजय जावंधियांसारखे सहकारी वेगळे झाले. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला, निवडणुका आल्या, पुढं २००४मध्ये शरद जोशी राज्यसभेवर गेले. पश्चिम महाराष्ट्रात राजू शेट्टींनी वेगळी चूल मांडली. वरच्या पातळीवर या वैचारिक घडामोडी होत्या. गावात मात्र ज्याच्यासोबत नागपूरच्या तुरुंगात एका ताटात जेवलो, तो पारावर नजर चुकवू लागला. एकानं पक्ष धरला, एकानं बाजार समिती, एकानं पोराच्या नोकरीसाठी आमदाराचा दरवाजा. रिपब्लिकन चळवळीतल्या आणि डाव्या पक्षांतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलाल तर गटातटांची हीच कथा वेगळ्या रंगाच्या झेंड्याखाली ऐकू येईल. एकटेपणाची सुरुवात म्हातारपणी होत नाही. ती अशा एकेका फुटीपासून साठत आलेली असते.

आणि मग कास्तकारांच्या आत्महत्या सुरू झाल्या. या भागात या विषयावर इतकं लिहिलं गेलं आहे की वाचणाऱ्याचं मन बधिर होतं. एक बाजू मात्र राहून गेली. गावात कुणी आत्महत्या केली की तहसीलदाराच्या आधी त्या घरी पोचायचा तो हाच कार्यकर्ता. पंचनाम्याला तो हजर राहायचा. सातबारा, कर्जाचा दाखला, बँकेची नोटीस असे कागद तो गोळा करायचा. सरकारच्या मदतीची रक्कम एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. जमीन बापाच्या नावावर असेल, कर्ज सावकाराचं असेल, तर 'अपात्र'. विधवेला हा शब्द समजावून सांगायचं काम सरकारी माणूस करत नसे, ते यानं केलं. एका घरी, दुसऱ्या घरी, वर्षानुवर्षं. अमरावती विभागाचं नाव या आकड्यांत राज्यात वर्षानुवर्षं आघाडीवर राहिलं. ओसरीवर बसून जे जे ऐकलं, ते या माणसानं कुणाजवळ ठेवलं असेल? जगात अग्निशमन दलाच्या जवानांना, दंगल-भूकंपात काम करणाऱ्यांना अशा कामानंतर मानसिक आधार द्यायची पद्धत आहे. आपल्या कार्यकर्त्याला फार तर एक चहा मिळाला.

त्याच्या मनात एक विचार घर करून असतो आणि तो कुणाला बोलून दाखवत नाही. ज्या कास्तकाराला आपण सांगितलं की हिशेब माग, लढ, त्यानं मरण का पत्करलं? आपली चळवळ कुठं कमी पडली? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे, धोरणात आहे, हवामानात आहे, संघटनेच्या चुकांत आहे. पण पहाटे तीनला जाग आल्यावर तो प्रश्न "आपल्यामुळंच" असं उत्तर घेऊन येतो. इथं राजकारण संपतं आणि आजार सुरू होतो. नैराश्य असंच काम करतं. माणसाच्या खऱ्या दुःखातला एक धागा उचलून त्याचा फास करतं.

आपल्या परंपरेनंही या माणसाला मदत केली नाही. वऱ्हाडाला ज्यांनी समाजकार्याचा धडा दिला, ते गाडगेबाबा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस १९०५मध्ये घर सोडून निघाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथं धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांतली एकही खोली स्वतःच्या किंवा घरच्यांच्या सोयीसाठी ठेवली नाही. एकुलता मुलगा गेल्याची बातमी कीर्तनात आली तरी कीर्तन थांबलं नाही, ही आठवण आपण पिढ्यानपिढ्या कौतुकानं सांगतो. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, अमरावतीच्या वाटेवर, गाडीतच त्यांनी देह ठेवला. बाबांचं मोठेपण वादातीत आहे. पण त्या मोठेपणातून आम्ही जे उचललं ते असं की कार्यकर्त्याला घर नसावं, दुःख नसावं, थकवा नसावा. हा नियम बाबांना पेलला. ज्याला वावर आहे, कर्ज आहे, दोन मुलींची लग्नं आहेत, त्याच्यावर तो लादला की तो आपला थकवा लपवायला शिकतो. आणि लपवण्यात तो इतका तरबेज होतो की शेवटी डॉक्टरांपासूनही लपवतो.

दुसरं उदाहरण साने गुरुजींचं. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मेमध्ये त्यांनी प्राण पणाला लावले. गांधीजींच्या खुनानंतर एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५०ला वयाच्या पन्नासाव्या वर्षी स्वतःचं जीवन संपवलं. महाराष्ट्रानं त्यावर काय म्हटलं? हळवे होते, मातृहृदयी होते, या जगाचे नव्हते. इतकं प्रेम केलेल्या माणसाबद्दल आपण हे का म्हणू शकलो नाही की त्यांना एक आजार असू शकेल, आणि त्यांच्या भोवतीच्या इतक्या माणसांना तो ओळखता आला नाही? त्या काळात औषधं नव्हती, मानसोपचार बाल्यावस्थेत होते, हे मान्य. पण पंचाहत्तर वर्षांनंतरही आपण म्हाताऱ्या कार्यकर्त्याला तोच 'हळवेपणा' चिकटवतो, याचं मला फार वाईट वाटतं. हळवं असणं हा स्वभाव आहे. त्यावर इलाज लागत नाही. सलग आठवडेच्या आठवडे कशातच रस न वाटणं, झोप तुटणं, भूक जाणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, जगण्याचा कंटाळा येणं, याला इलाज लागतो आणि तो आहे.

म्हातारपणीचं नैराश्य ओळखायला अवघड असतं, हे पट काढणाऱ्यांनी समजून घ्यावं. तो माणूस रडत नाही. त्याची कंबर दुखते, पोट साफ होत नाही, डोकं जड असतं. तो विसरू लागतो आणि घरच्यांना स्मृतिभ्रंशाची भीती वाटते. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, ब-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, अर्धांगाच्या झटक्यानंतर मन खचलेलं असू शकतं. म्हणून आधी तपासण्या हव्यात. देशभर ज्येष्ठांची पाहणी करणाऱ्या 'लासी' अभ्यासाच्या २०१७-१८च्या पहिल्या फेरीत साठीपुढच्या लोकांपैकी ८.३ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली. आपल्याला नैराश्याचं निदान झालं आहे असं सांगणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना आपल्याला काय झालं आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

अमरावती जिल्ह्यासाठी यात एक अभिमानाची गोष्ट आहे आणि ती जिल्ह्यातच फारशी कुणाला माहीत नाही. 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम इथल्या तीस गावांत राबवला गेला. त्यात मोठं रुग्णालय नव्हतं. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. ज्यांना गरज होती त्यांना प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि त्याहून गंभीर असलेल्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त त्याचे निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात जीव द्यायचे विचार आले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२वरून २.५ टक्क्यांवर आलं. कास्तकाराला हे कळत नाही, खेड्यात हे बोलता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना अमरावतीच्या गावांनीच उत्तर दिलं आहे. इथं नेमकं घडलं काय? कुणीतरी ओसरीवर येऊन बसलं, नीट विचारलं आणि पुन्हा आलं. जे काम आपला कार्यकर्ता आयुष्यभर दुसऱ्यांसाठी करत होता, तेच.

अशाच घडणीचा एक प्रयोग गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेनं तिथं साध्या शिकलेल्या लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. सहा ते आठ बैठका. त्यांचा गाभा असा की मन बरं झाल्यावर काम करू, असं थांबायचं नाही, छोटं काम आधी सुरू करायचं. आंघोळ, मग चौकापर्यंत फेरी, मग एका जुन्या मित्राला फोन. आंदोलनात वाढलेल्या माणसाला ही रीत समजावी लागत नाही. त्यानं गावोगाव हेच केलं होतं. आधी चार माणसं जमवा, मग धीर येतो. औषधांचंही तसंच. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते, ही समजूत पक्की बसलेली आहे, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे न सांगितल्यामुळं आठव्या दिवशी पाकीट फेकलं जातं. 'नागपूरला नेलं' या दोन शब्दांत वऱ्हाडात मनोरुग्णालयाची सगळी दहशत भरलेली आहे. आता जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि ऑक्टोबर २०२२पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि अहोरात्र चालू आहे, मराठीतही. पटाच्या अखेरीस तो क्रमांक पडद्यावर नुसता सोडू नका. कुणीतरी फोन लावून बोलताना दाखवा.

पैशाचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण त्यावर स्वतंत्र पुस्तक होईल. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन सुरू केलं. या राज्यातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ती एक. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना २०१८मध्ये राज्य सरकारनं मानधन दिलं, मध्ये बंद केलं, पुन्हा सुरू केलं. कापसाच्या भावासाठी तुरुंगात गेलेल्याच्या वाट्याला फार तर श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात, तेही उत्पन्न अगदी कमी असल्याचा दाखला दिल्यावर. ज्यानं आयुष्यभर भीक नको म्हटलं, त्याला त्या रांगेत उभं राहायला काय वाटत असेल हे मी वेगळं सांगत नाही.

आता माहितीपटाबद्दल. विदर्भातल्या शेतीसंकटावर पट निघालेले आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत फिरणारा दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' २००९चा. अकोला जिल्ह्यातले शेतकरी-कवी श्रीकृष्ण कळंब त्या पटात येतात, पण आत्महत्येनंतर. शेतीपलीकडे पाहिलं तर आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' मुंबईतल्या रमाबाई आंबेडकर नगरच्या जुलै १९९७च्या गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवण्यापासून सुरू होतो. पूर्ण व्हायला त्याला चौदा वर्षं लागली. घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते, आणि नंतर त्यांच्याच डाव्या संघटनेनं त्यांना बाहेर काढलं होतं. ज्यांच्यासाठी गायलं त्यांनीच दूर केलेल्या माणसाच्या घरातल्या शांततेबद्दल त्या पटानं प्रश्न विचारला, म्हणून मला तो मोठा वाटतो. पण पाहा, दोन्हीकडे कॅमेरा पोचला तेव्हा माणूस गेलेला होता. या पटातला माणूस जिवंत आहे. या पटाची सगळी जबाबदारी त्या एका गोष्टीतून येते.

म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगतो. नैराश्यातल्या माणसाची संमती एकदा घेऊन भागत नाही. ज्या दिवशी तो हो म्हणाला त्या दिवशी त्याला नाही म्हणायचीही ताकद नसू शकते. प्रत्येक वेळी नव्यानं विचारा, आणि चित्रित केलेलं त्याला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. त्याला जुन्या घोषणा द्यायला लावू नका. गोळ्यांच्या पाकिटावर कॅमेरा रेंगाळू देऊ नका. बासरी लावू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा 'वातावरण' मिळतं म्हणून त्याला उन्हात बसवू नका. चित्रीकरणाच्या काळात त्याच्याकडे रोज माणसं येतील, तो सुधारल्यासारखा वाटेल, आणि चित्रीकरण आटोपल्यावर तो आधीपेक्षा खोल जाईल. हे टाळायचं असेल तर कॅमेरा गेल्यावर कोण येणार ते चित्रीकरण सुरू होण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. त्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिग्दर्शकाच्या वहीत हवा.

आणि त्याला कापसाबद्दल विचारा. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरतं उठवलं. हंगाम तोंडावर असताना याचा अर्थ काय, हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारे फार थोडे उरले आहेत. १० जून २०१९ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला हजारभर शेतकरी जमले आणि परवानगी नसलेलं तणनाशकरोधी कापसाचं बियाणं त्यांनी जाहीरपणे पेरलं, त्यावर त्याचं मत काय? बरोबर होतं की चूक? पर्यावरणवाद्यांचं म्हणणं त्याला पटतं का? एकाधिकार योजना मोडली ते बरं झालं की वाईट? त्याला चूक ठरवा, त्याच्याशी भांडा. दोन वर्षांत त्याच्याशी कुणी वाद घातलेला नसेल. म्हाताऱ्या माणसाशी सगळे गोड बोलतात, आणि त्या गोड बोलण्यातून त्याला कळतं की आपलं मत आता कुणाला नको आहे.

एक राहिलं. तुम्ही मंडळी आधी पुरुषांकडेच जाणार, कारण फोटो त्यांचे आहेत, कात्रणं त्यांची आहेत. चांदवडला गेलेल्या बाया वऱ्हाडात अजून आहेत. काहींच्या नावावर लक्ष्मीमुक्तीतली जमीन आली, काहींच्या बाबतीत ती पुढं पोरांनी विकली. त्यांचं एकटेपण वेगळं आहे. त्यांना खाटेवर पडून राहायची मुभाच कधी नव्हती, म्हणून त्यांचं नैराश्य चुलीपुढं बसून असतं आणि कुणाला दिसत नाही. त्यांच्याकडे दुपारी जा, पुरुष मंडळी बाहेर असताना, आणि सोबत बाई ठेवा.

पहिला खेळ मुंबई-पुण्याच्या महोत्सवात करू नका. ज्याच्या घरी चित्रण केलं त्याच्याच गावात, समाजमंदिरात, त्याला चालत येता येईल अशा ठिकाणी करा. त्याला यायचं नसेल तर त्याचा निर्णय मान्य करा. जुने सहकारी ज्या ज्या गटात गेले त्या सगळ्यांना नाव घेऊन बोलवा, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनाही बोलवा, म्हणजे खेळ संपल्यावर कुणाला काही विचारायचं असेल तर तिथंच विचारता येईल. तारीख मात्र कापूस वेचणीच्या दिवसांतली धरू नका. या पटात सगळ्यांत जास्त बोललेल्या बाया तेव्हा दिवसभर वावरात असतात, आणि संध्याकाळी सातच्या खेळाला त्यांना यायला जमत नाही.